शून्यातून न जाणारी रेघ

सरांनी माझा आलेख हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाजवळ नेऊन पाहिला. मग तो टेबलावर पालथा ठेवून म्हणाले, "याला तू डेड लेयर म्हणतेस. मेलेला थर. हा मेलेला नाही, हा केलेला आहे. आणि करणारी माझ्यासमोर उभी आहे."

प्रयोगशाळेतले बाकीचे दोघे विद्यार्थी संगणकात आणखी खोल घुसले. मी "बरं सर" म्हणाले, आलेख उचलला आणि बाहेर व्हरांड्यात आले. तिथल्या बाकावर बसून मी तो पुन्हा पाहिला. रेघ होती तशीच होती. सरळ, स्वच्छ, आणि नको तिथे संपणारी.

मी यवतमाळकडची. नागपुरात एमएस्सी केलं आणि पीएचडीसाठी पुण्यात आले. लग्नानंतर नवऱ्याला हडपसरला आयटीत नोकरी लागली म्हणून घर तिकडे घेतलं. माझी प्रयोगशाळा मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी. रोज दोन बस. सकाळी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत अर्धा जीव बसमध्येच गेलेला असायचा, आणि उरलेला अर्धा सरांसाठी राखून ठेवावा लागायचा. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. नेहमी अगं-तुगं करायचे. ते "आपण" म्हणू लागले की समजायचं, आज काही खरं नाही. "आपण आलात? आनंद झाला," असं त्यांनी म्हटलं की मला परत बसस्टॉपवर जावंसं वाटे.

माझं काम एका पातळ थराचं होतं. फेरोइलेक्ट्रिक या नावात लोखंड असल्यासारखं वाटतं, पदार्थात मात्र त्याचा कण नसतो. ही एक प्रकारची सिरॅमिक. तिच्यावर विजेचा दाब दिला की आतले धन आणि ऋण भार किंचित सरकतात आणि दाब काढला तरी तसेच सरकलेले राहतात. म्हणून तिच्यात माहिती साठवता येते, वीज साठवणारे छोटे कपॅसिटर करता येतात. मोठ्या तुकड्यात ही फार गुणी. पण आजच्या यंत्रांत मोठ्या तुकड्याला जागा कुठे? म्हणून तिची फिल्म करायची, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. निर्वात पेटीत सिरॅमिकची चकती ठेवायची, तिच्यावर लेझर मारायचा, उडालेला पदार्थ समोरच्या तापवलेल्या प्लॅटिनमवर बसू द्यायचा. वरून पुन्हा प्लॅटिनमचे ठिपके द्यायचे. खाली धातू, मध्ये फिल्म, वर धातू. झाला कपॅसिटर.

आता शाळेतला नियम असा की मधला थर अर्धा केला की कपॅसिटरची साठवण दुप्पट व्हायला हवी. माझी दुप्पट होत नव्हती. फिल्म जितकी पातळ करावी तितकी ती अपेक्षेपेक्षा कमी पडायची. निरनिराळ्या जाडीच्या फिल्म करून, साठवणीचा व्यस्त काढून जाडीसमोर मांडला की बिंदू अगदी आज्ञाधारकपणे एका रेषेत यायचे. ती रेघ मागे ओढत नेली की ती शून्यातून जायला हवी. फिल्मच नसेल तर अडवणारं काही नाही. पण माझी रेघ शून्याच्या बरीच वर जाऊन टेकायची. म्हणजे फिल्मची जाडी शून्य झाली तरी काहीतरी उरत होतं. धातू आणि फिल्म जिथे भेटतात, तिथे एक अगदी बारीक थर असा होता जो काही केल्या प्रतिसाद देत नव्हता. दाब त्याच्यावर वाया जायचा आणि खऱ्या फिल्मपर्यंत कमी पोचायचा. जगभर लोक त्याला डेड लेयर म्हणतात. आणि जगभर त्यावरून भांडतात. काही म्हणतात, ही सगळी करतानाची घाण आहे, नीट करा, जाईल. काही म्हणतात, कितीही नीट करा, धातू आणि सिरॅमिक यांच्या भेटीतच ते आहे.

सर पहिल्या पक्षाचे होते. कडवे.

त्यामुळे माझं दुसरं वर्ष घासण्यात गेलं. काचेची भांडी घासली, पेटी घासली, पेटीतली झाकणं घासली. अॅसिटोननं बोटांची सालं निघाली. प्लॅटिनमचे तुकडे धुण्याची पद्धत बदलली, मग वाळवण्याची बदलली. फिल्म झाल्यावर ऑक्सिजनमध्ये जास्त वेळ भाजून पाहिली. दरवेळी एखादी गोष्ट थोडी सुधारायची, फिल्ममधून विजेची गळती कमी व्हायची, मोजणीचा वक्र देखणा यायचा, आणि रेघ जाऊन तिथेच टेकायची. मी आलेख घेऊन सरांकडे जायची. सर म्हणायचे, "परत कर."

एकदा म्हणाले, केबल बघ, तुझी केबलच साठवण दाखवत असेल. मी म्हणाले, केबलची वजा केली आहे. ते म्हणाले, "वजा करायची वेळच का यावी?" मागणी पाठवून केबल यायला महिने लागले असते, म्हणून मी बुधवार पेठेत गेले. दगडूशेठची गर्दी चुकवत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत शिरले आणि एका दुकानात चांगल्या प्रतीची कोअॅक्सियल केबल मागितली.

"किती?" दुकानदारानं मोबाइलवरची नजर न काढता विचारलं.

"अर्धा मीटर."

आता त्यानं वर पाहिलं. "अर्ध्या मीटरचं काय करणार?"

"मोजायचंय."

"मग मोजपट्टी घ्या. शेजारी मिळेल."

मला त्या दिवशी हसू यायला हवं होतं. नाही आलं. डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही ते दिसलं असावं, कारण पुढे काही न बोलता त्यानं केबल कापली आणि टोकं नीट जोडून दिली. नव्या केबलनं रेघ थोडी सफाईदार झाली. टेकली तिथेच.

घरी नवऱ्याला मी सगळं समजावून सांगायची. तो मनापासून ऐकायचा. एकदा जेवताना म्हणाला, "म्हणजे वरून दाब येतो, मधल्या मध्ये एक थर तो खाऊन टाकतो आणि खालच्याला काही पोचतच नाही. आमच्याकडे त्याला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात."

"चेष्टा करू नकोस."

"अगं, चेष्टा कुठे, मला कळलं हे सांगतोय."

"तुला कळलं नाही. तुला उपमा सुचली." मी ताट घेऊन उठले. तो बिचारा भात कालवत बसला. पण मला खरंच राग आला होता. ज्याला त्याला माझा थर आवडायचा, ज्याला त्याला त्यात स्वतःचं ऑफिस, स्वतःची सासू, स्वतःचं सरकार दिसायचं. मला तो थर होता तसा हवा होता. किती जाड, कशाचा, का.

आईचा फोन दर रविवारी यायचा. तिचा प्रश्न ठरलेला. "झालं का मंग तुह्यं?"

"नाही गं आई, अजून वेळ आहे."

"काहून वो? एवढ्या दिवसात तं घर बांधून होते."

मी तिला काय सांगणार? बांधलेलं घर दिसतं तरी. मी बांधलेलं नखानं खरवडलं तर निघून जाईल इतकं पातळ होतं, आणि त्यातल्याही जेमतेम तळाच्या पापुद्र्यासाठी मी रडत होते.

मग एका उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. सुट्टी होती, इमारत रिकामी होती. मी आणखी एक मालिका करून तेच उत्तर सरांपुढे ठेवलं. सरांनी कागद बाजूला सारला. मग उठले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "हो बाजूला. मी करतो."

त्यांनी कित्येक वर्षांत त्या यंत्राला हात लावला नव्हता. मला वाटलं, तासाभरात कंटाळतील. नाही कंटाळले. तो आठवडाभर सर सकाळी माझ्या आधी हजर असायचे. आणि मला कबूल केलं पाहिजे, बघत राहावं असा तो माणूस काम करत होता. चिमट्यानं तुकडा उचलताना श्वास रोखायचा. हीटर इतका हळू चढवायचा की मला झोप यायची. लेझर सुरू झाला, चकतीवरून जांभळट ज्योत उठली, की खिडकीच्या काचेला डोळा लावून तिचा आकार बघायचा आणि ज्योत कशी बसते आहे ते मला सांगायचा. त्या आठवड्यात सरांनी मला एकदाही "आपण" म्हटलं नाही. दुपारी आम्ही बाहेरच्या टपरीवर चहा घेतला. तेव्हा ते स्वतःच्या पीएचडीच्या गोष्टी सांगत होते. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, यांची रेघ शून्यातून जाऊ दे. माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, पण हे एकदाचं संपू दे.

मोजमाप मी केलं. सर मागे उभे होते. एकेक बिंदू पडद्यावर येत गेला. मी माझे जुने बिंदू त्याच आलेखावर दुसऱ्या रंगात टाकले. दोन्ही रंग एकमेकांवर बसले, वेगळे ओळखू येईनात इतके. त्यांची रेघ माझ्याच रेघेवरून गेली आणि माझ्याच जागी जाऊन टेकली.

मला वाटलं, आता बोलतील. ते बेसिनपाशी गेले, हात धुतले, रुमालानं एकेक बोट पुसलं आणि म्हणाले, "सिस्टीम म्हातारी झाली आहे. निर्वात पेटीचा पंप उघडावा लागेल."

म्हणजे माझ्या हातून झालं तेव्हा दोष माझ्या हाताचा होता. त्यांच्या हातून तेच झालं तेव्हा दोष पंपाचा.

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच चढल्यासारखा वाटला, "पंप खराब असता तर जाड फिल्मही खराब यायला हव्या होत्या. त्या उत्तम आहेत. रेघेचा चढ अगदी पुस्तकातल्यासारखा आहे. फिल्म चांगली आहे, सर. जे आहे ते फक्त कडेला आहे."

"मला शिकवणार आपण?"

आलाच तो शब्द. मी पर्स उचलली आणि बसस्टॉपवर गेले.

पंप उघडला गेला. त्याचे भाग बाहेरगावी दुरुस्तीला गेले, चुकीचे परत आले, पुन्हा गेले. तोवर माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. मी जुने निकाल पुन्हा पुन्हा मांडायची, दुसऱ्या लोकांचे शोधनिबंध वाचायची. वाचता वाचता मला एक गोष्ट सारखी दिसू लागली. ज्यांनी प्लॅटिनम सोडून वीज वाहणारं ऑक्साइड इलेक्ट्रोड म्हणून, म्हणजे वरखालच्या धातूच्या जागी, वापरलं होतं, त्यांच्या रेघा बऱ्याच खाली टेकत होत्या. कारणही पटण्यासारखं होतं. फिल्मच्या कडेला जो भार जमतो तो झाकायला धातूतले इलेक्ट्रॉन कडेला चिकटून यावे लागतात. ते पूर्ण चिकटत नाहीत, किंचित मागे राहतात. शिवाय धातू आणि सिरॅमिक यांचे अणू वेगळ्या घडणीचे, एकाला दुसऱ्याची ओळख नाही. ऑक्साइड निदान त्याच घडणीचं असतं, फिल्म त्याच्यावर आपली घडण न मोडता वाढते.

असं एक ऑक्साइड आमच्याच विभागात होतं, वरच्या मजल्यावर. त्याची चकती तिथल्या एका मॅडमकडे होती. अडचण अशी की सर आणि मॅडम एकमेकांशी बोलत नसत. का, ते कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे एका खोलीवरून, कोणी म्हणे एका यंत्रावरून. जिन्यात समोरासमोर आले तर दोघांनाही अचानक मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "वरून काही आणायचं नाही."

"का सर?"

"सांगितलं ना."

एवढं पुरेसं कारण होतं. पंप अजून आलेला नव्हता, चकती माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर होती आणि मी खाली बसून दुसऱ्यांच्या रेघा बघत होते. त्या दिवसांत मी पीएचडी सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. नवरा म्हणाला, "सोड." मला वाटलं होतं तो नको म्हणेल. तो इतक्या सहज सोड म्हणाला म्हणून मी सोडलं नाही.

वर्षाच्या शेवटी समितीपुढे कामाचा आढावा द्यायचा असतो. त्या वर्षी समितीत मॅडम होत्या. माझी बोलण्याची तयारी होती, पण पडद्यावर शेवटची पाटी लावताना माझा हात थांबला. त्या पाटीवर सरांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं: पुढील काम, प्रक्रियेत सुधारणा. मी ते वाचून दाखवलं.

मॅडम पुढे झुकल्या. "ही रेघ शून्यातून जात नाही याचं तुम्हाला इतकं दुःख का आहे?"

"मॅडम?"

"तुमच्या पाट्यांवर सगळीकडे माफी मागितल्यासारखं लिहिलंय. मला तर हाच निकाल वाटतो. इतक्या वेळा केलं, तरी त्याच जागी येतं. घाण असती तर रोज वेगळी असती. इलेक्ट्रोड बदलून पाहिला का?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणाले.

"का?"

मला खरं कारण सांगता येत होतं आणि सांगता येत नव्हतं. सरच बोलले. "बघू. विचार चालू आहे."

"चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "विचार संपला की माझ्याकडे चकती आहे."

बाहेर आल्यावर सर माझ्यापुढे चालत होते. दारापाशी थांबून, मागे न वळता म्हणाले, "जा. माग."

मी त्याच दुपारी वर गेले. मॅडमनी कपाटातून डबी काढली. काळी, नाण्याएवढी चकती. "अगं, एवढी दोन्ही हातांत काय धरतेस, जीव आहे का तिच्यात?" असं म्हणून त्या हसल्या. मग ती कशी बसवायची, तापमान किती, ऑक्सिजन किती, हे एका दमात सांगून टाकलं. मला रडू येत होतं. एवढीशी गोष्ट होती. एक जिना चढायचा होता.

पंप आला. मी प्लॅटिनमच्या जागी ते काळं ऑक्साइड टाकलं, खाली आणि वर, मध्ये तीच फिल्म. त्याच जाड्या. पहिल्या मोजणीच्या वेळी सर आले नाहीत, मीही बोलावलं नाही. बिंदू पुन्हा सरळ रेषेत आले. मी रेघ मागे ओढली. ती खाली गेली, आणखी खाली गेली, आणि जुन्या जागेच्या अर्ध्याहून खाली जाऊन टेकली. शून्यातून गेली नाहीच. पण इतके दिवस हट्टाला पेटलेली ती रेघ पहिल्यांदाच हलली होती. घासून हलली नव्हती, धुऊन हलली नव्हती, पंपानं हलली नव्हती. शेजारी बदलल्यावर हलली.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला. "गळती?"

"थोडी वाढली आहे."

"म्हणजे एक गेलं, दुसरं आलं." पण कागद पालथा ठेवला नाही. "लिहायला घे."

मी लिहायला घेतलं आणि लेखकांच्या ओळीत मॅडमचं नाव घातलं. सरांनी लाल पेनानं ते खोडलं.

"सर, चकती त्यांची होती. प्रश्नही त्यांचा होता."

"चकती दिली म्हणून लेखक? मग ऑक्सिजनचं सिलिंडर आणणाऱ्यालाही घाल."

"तो आपल्याला 'इलेक्ट्रोड बदला' म्हणाला नव्हता."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, संपलं. पण मी हलले नाही. खूप दिवसांचं साचलेलं होतं. मी म्हणाले, त्यांचं नाव नसेल तर माझंही नको. हे बोलायला सोपं होतं. निबंधाशिवाय माझी पीएचडी होणार नव्हती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सर म्हणाले, "मग नकोच पाठवू."

मी वर जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांनी चिडावं अशी माझी फार इच्छा होती. "आभारात घाल," त्या म्हणाल्या. "आणि लवकर पाठव. हे काम तू एकटी करत नाहीयेस जगात."

त्यांचं न चिडणंच मला जास्त लागलं. मी खाली आले आणि नाव आभारात नेलं.

लवकर काही गेलं नाही. सरांनी मसुदा तपासायला घेतला. एका आठवड्यात प्रस्तावना बदलली, पुढच्या आठवड्यात ती जुनीच बरी वाटली. आलेखातल्या अक्षरांचा आकार बदलला. आकृत्यांचा क्रम बदलला. "संभवतः" या अर्थाचा शब्द कुठे घालायचा यावर एक अख्खी दुपार गेली. प्रत्येक वाक्यातून "इंटरफेस", म्हणजे दोन थरांच्या भेटीची जागा, हा शब्द काढून सर "प्रक्रिया" लिहायचे, मी पुन्हा "इंटरफेस" लिहायची. असं करत पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी आली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी बसमध्ये मी मोबाइलवर नवे निबंध चाळत होते. दुसऱ्या देशातल्या कोणत्या तरी गटानं तेच केलं होतं. तीच फिल्म, तेच दोन इलेक्ट्रोड, तशीच रेघ. त्यांची माझ्यापेक्षा थोडी जास्तच वर टेकत होती. निष्कर्ष अगदी माझा. मी दोनदा वाचला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

मी थेट सरांच्या खोलीत गेले आणि मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सावकाश शेवटपर्यंत वाचलं. आज मी बोलणार होते, सगळं. पंपाबद्दल, जिन्याबद्दल, "संभवतः"बद्दल.

सरांनी मान वर केली. चेहऱ्यावर समाधान होतं, खरंखुरं समाधान. "बघ," ते म्हणाले, "आपण बरोबर होतो."

आपण. आणि या वेळी तो शब्द उपरोधाचा नव्हता. ते आम्हा दोघांना मिळून म्हणत होते. या माणसावर ओरडायचं कसं? त्यांना खरंच वाटत होतं की ते पहिल्यापासून याच बाजूला होते.

आमचा निबंध त्याच आठवड्यात गेला, एका लहानशा नियतकालिकात छापून आला. त्यात पहिलाच संदर्भ त्या दुसऱ्या गटाचा द्यावा लागला. पीएचडी झाली. तोंडी परीक्षेला आई गावाहून आली होती, मागच्या रांगेत नव्या साडीत बसली होती. बाहेरच्या परीक्षकांनी फार अवघड काही विचारलं नाही. मला अवघडच हवं होतं. इतकी वर्षं भांडायची तयारी केली आणि भांडायला कोणी आलंच नाही.

त्यानंतर मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. फिल्म करणं सुटलं. पण मध्यंतरी पुण्यातच एक परिषद होती, तिला श्रोता म्हणून गेले. सरांचं भाषण होतं. त्यांनी माझे आलेख लावले. आमच्या प्रयोगशाळेत आता सगळ्या फिल्म ऑक्साइड इलेक्ट्रोडवरच करतो, असं सांगितलं. समजावलंही उत्तम. इलेक्ट्रॉन कडेपासून कसे मागे राहतात, शेजारी बदलला की काय होतं. माझीच वाक्यं होती, माझ्यापेक्षा बरी बोललेली. मी पाचव्या-सहाव्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते आणि मला पुन्हा ती दिवाळीनंतरची सकाळ आठवत होती.

भाषण संपल्यावर एका तरुणानं हात वर केला. "सर, इलेक्ट्रोड बदलल्यावर थर अर्ध्याहून कमी होतो, पण पूर्ण जात का नाही?"

सरांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, थांबले, आणि सभागृहात नजर फिरवली. मला पाहिलं. "हे काम जिनं केलं ती इथेच बसली आहे. तिलाच विचारा. तिला वाद घालायला आवडतं."

लोक हसले. माइक हातोहात माझ्याकडे आला. मी उठून उभी राहिले. इतक्या वर्षांत सरांनी चारचौघांत पहिल्यांदा हे काम माझं म्हटलं होतं, तेही चिमटा काढून. राग गेला नव्हता. आवाज मात्र नीट निघाला. मी त्या मुलाला सांगितलं की आम्ही काय काय करून पाहिलं, कशानं फरक पडला, कशानं नाही, गळतीचं काय झालं. तो लिहून घेत होता.

"पण मग उरलेला कशामुळे आहे?" त्यानं पुन्हा विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

सर व्यासपीठावरून म्हणाले, "संभवतः प्रक्रियेमुळे."

"नाही सर," मी माइकमध्येच म्हणाले. "प्रक्रियेमुळे नाही." अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आणि सगळे चहाला उठले.